सुनेच्या परीक्षेला नाशकाला

आमच्या पाड्यावरनं नाशकाला कामाला गेलं नाय, असं एक घर सापडायचं नाय. भात झोडून झालं, नागली कणगीत पडली, की टेम्पो येतो आन् माणसं भरून खाली नेतो. कोणी पिंपळगावकडं द्राक्षाच्या बागेत, कोणी कांद्याच्या चाळीवर, कोणी बांधकामावर. मी पण लय वर्षं गेले. पण शाळेपायी नाशकाला गेले ती औंदा पयल्यांदा. ती शाळा पण माझी नाय, माझ्या सुनेची. परत आल्यापासून बाया विचारतात, तिकडं काय झालं ते खरं सांग. म्हणून सांगते. मला सही येते, बाकी लिहायचं येत नाय. मी बोलते आन् सून मोबाईलात उतरवते. तिला म्हणलंय, तुझं वाईट आलं तरी गाळायचं नाय.

सुनेचं नाव हेमा. तालुक्याच्या सरकारी कचेरीत ती कारकून हाय. आलेले कागद घ्यायचे, जायचे ते पाठवायचे, असं तिचं टेबल. सरकारी नोकरांसाठी नाशकात एक शिक्षण हाय, नोकरी करता करता शनवार-रविवारी शिकायचं. कॉलेजाच्या पण वरचं. मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात त्याला. ते पास झालं की हेमाला आस्थापनेचं टेबल मिळणार होतं. म्हणजे नोकरमाणसांच्या रजा, बदल्या, पगार, तक्रारी, सगळं त्या टेबलावर.

माझा मुलगा किसन सातपूरला कंपनीत हाय, हप्त्याला घरी येतो. त्यानं हे पयल्यांदा सांगितलं तवा मी विचारलं, "या शिक्षणात शिकवतात काय?"

"आई, माणसं कामाला कशी लावायची, कशी सांभाळायची, त्याचं शिक्षण हे."

"म्हणजे मुकादमकी."

ती दोघं पोट धरून हसली. मी हसले नाय. मुकादम म्हणजे टोळी गोळा करून बागेवर नेणारा, हजेरी मांडणारा. किसन अंगावर होता तवा मी द्राक्षाच्या तोडणीला जायची. पोर वेलीच्या मांडवाखाली झोळीत. रडायला लागलं की मुकादम म्हणायचा, "जा, पाजून ये. पण अर्धी हजेरी." म्हणजे दिवस अर्धाच धरणार. मग कोण उठतंय? दूध दाटून चोळी भिजायची, वर हात चालू. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याला त्याचा मालक होता. पण सून तेच शिकायला जाते म्हणल्यावर मला कसं गोड वाटावं?

तरी गेले. कारण सांगते. मागच्या टायमाला तिची शेवटची तोंडी परीक्षा बाळंतपणात बुडाली. आता या वेळी बुडाली तर पयल्यापासून सगळं शिकायला लागणार होतं. आन् नात, आमची चिमी, अंगावर पिणारी. बाटली तोंडाला लावली की थू करते. हेमा म्हणाली, "आत्या, तुमी आल्या तरच माझी परीक्षा होईल. नाय तर सोडून देते." पोरगी रात्रंदिवस चूल, कचेरी आन् पुस्तक करत होती ते मी बघितलं होतं. म्हणलं, चल.

शुक्रवार, सातपूर

घाट उतरलो, नाशिक आलं. पेठ नाक्यावर सकाळी आपलीच माणसं उभी असतात, डबा आन् पाटी घेऊन, कोण कामाला नेतो बघत. एसटीतनं मी वळखीचं कोणी दिसतं का बघितलं. आजवर मी त्या गर्दीत उभी असायची, एसटी माझ्या म्होरून जायची. औंदा मी एसटीत बसलेली. काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाय. जरा अंग चोरून बसले, एवढं खरं.

किसनची खोली सातपूरला, एका लेथच्या कारखान्याच्या वरती. खाली लोखंड कातायचा आवाज, वरती भांडी थरथरतात. चिमीला त्यात गाढ झोप. घरी कुत्रं भुंकलं तरी उठणारी पोरगी! भोंगा झाला की सगळा रस्ता माणसानं भरतो. एक पाळी घरी येते, दुसरी जाते, मोटारसायकलींची रांग. आपल्याकडं उन्हावर दिवस कळतो, तिकडं भोंग्यावर. शेजारच्या खोल्यांची दारं लावलेली. मी भाकरीबरोबर खायला कोरड्यास मागायला म्हणून एक दार वाजवलं. बाईनं फट उघडली आन् म्हणाली, "पार्सल का?" मी म्हणलं, नाय, मी किसनची आई. मग उघडलं, आन् चांगलं वाटीभर दिलं. माणसं चांगली हायेत, फक्त दार जाड हाय.

संध्याकाळी किसननं मिसळ खायला नेलं. आता आमच्यात ताटात टाकायचं नसतं. आन् त्यांच्यात वाटी रिकामी दिसली की रस्सा ओततात. मी संपवायची, तो पोऱ्या ओतायचा. परत संपवायची, परत ओतायचा. डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी, कान गरम. किसन मोबाईलात. शेवटी मी वाटीवर हात आडवा धरला.

"बास का, आजी?" पोऱ्या म्हणाला.

"बास कवाचं! तू थांबशील म्हणून मी खाते."

तो म्हणाला, "आन् तुमी खाता म्हणून मी ओततो." किसनला इतका ठसका लागला की शेजारच्या माणसानं पाठ थोपटली.

शनवार, शाळा

शाळा मोठी. हिरवळ, फरशी, काचेची दारं. मला वाटलं शिकायला पोरं असतील. बघते तर सगळी बाप्ये-बाया, चष्मा लावलेली, पोट सुटलेली. एक तलाठी, केस पांढरे, पायरीवर बसून पेन चावत पाठ करत होता. एक दवाखान्याची नर्स, एक हवालदार, दोन हेडमास्तर. हेडमास्तर दुसऱ्या हेडमास्तरला म्हणे, "हे परीक्षेला येणार का हो?" दुसरा म्हणे, "तुम्हाला येतंय ना, मग मला दाखवा." मला लय बरं वाटलं. म्हणलं, भ्यायला वयाची अट नाय.

दाराशी एक मशीन होतं. प्रत्येकानं अंगठा ठेवायचा, मग ते पिंग करतं. मी हेमाला विचारलं, हे काय?

"हजेरी, आत्या. ती भरली पाहिजे, नाही तर उद्या परीक्षेला बसू देत नाहीत." मग म्हणाली, "चिमी रडली की सांगा. मी बाहेर येईन. मला सवलत आहे."

मी मान हलवली. पण माझ्या कानात एकच शब्द राहिला, हजेरी.

फाटकावर राखणदार बाई होती, सुनंदाबाई, सटाण्याकडची. खाकी शर्ट, डोक्यावर पदर नाय पण टोपी. तिची बोली अहिराणी.

"कथा जाई ऱ्हायनी, माय? आठे बस, सावली शे."

कुठं चालली, इथं सावलीत बस, असं म्हणून तिनं मला बदामाच्या झाडाखाली खुर्ची दिली. तिची बोली मला अर्धी कळायची, माझी तिला अर्धी. दोन अर्ध्यांवर आमी दिवसभर बोललो. मी तिला नागलीची भाकर आन् खुरासणीची चटणी दिली. ती म्हणाली, "काळी भाकर मी पयलेंदाच खाई ऱ्हायनी." आन् सगळी खाल्ली.

दुपारच्या आधी एक माणूस वर्गातनं बाहेर आला, तंबाखू मळायला. मागनं त्यांचे सर आले. सर दारातनंच म्हणाले, "असं मधेच उठून गेलात तर मी हजेरी धरणार नाही." तो माणूस तंबाखू खिशात घालून पळत आत गेला.

ते मी बघितलं. मग माझी खात्री झाली. म्हणलं, शाळा असो, बाग असो, हजेरी ती हजेरीच.

त्या दिवशी नशीब चांगलं. चिमी चहाच्या सुट्टीपर्यंत झोपली. हेमा धावत आली, पाजलं, गेली.

रविवार, परीक्षा

हेमानं जाताना माझ्या पायाला हात लावला.  तिनं एक जाड वही केली होती, प्रकल्प म्हणतात. तिच्या कचेरीत ठेकेदाराच्या ज्या झाडणाऱ्या बाया हायेत, त्यांच्यावर. त्यातलं पाठ केलेलं तोंडी सांगायचं होतं. आत दोन साहेब. एक ते कालचे सर, एक बाहेरनं आलेल्या मॅडम. एकेकाला नावानं बोलावणार. हेमाची पाळी दुपारची, असं सांगितलं होतं.

चिमी लवकर उठली. आधी कुरकुर, मग रडं. बाटली लावली, थू केलं. खांद्यावर घेतलं, झाड दाखवलं, फाटक वाजवून दाखवलं. काय नाय. तिचं तोंड लाल झालं.

सुनंदाबाई म्हणाली, "बलाव ना तुनी सूनले!"

मी म्हणलं, "नको. हजेरी कापतील."

ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाय. माझ्या डोक्यात एकच, हे रडं आत ऐकू गेलं तर हेमा उठणार. आई हाय ती, उठणारच. आन् उठली की गेलं सगळं. म्हणून मी चिमीला उचललं आन् फाटकाच्या बाहेर निघाले. जितकं लांब जाईन तितकं चांगलं. सुनंदाबाई तवा एका गाडीला फाटक उघडत होती. तिला वाटलं, मी रस्त्यावरच फेऱ्या घालते.

मी गल्ल्या वळत गेले. पुढं एका इमारतीचं काम चालू होतं. विटा, वाळू, आन् वाळूच्या ढिगाला टेकून एक बाई पोर पाजत बसलेली. तिचं लुगडं नेसणं बघूनच कळलं, आपल्याकडची.

"कुठली गं तू?" मी विचारलं.

"सुरगाण्याच्या अंगची. तू?"

"पेठची."

तिनं चिमीकडं बघितलं. "आई कुठं हिची?"

"शाळेत. परीक्षा हाय. उठली तर हजेरी जाईल."

 तिनं आपलं पोर शेजारच्या बाईकडं दिलं आन् हात पुढं केले. चिमीला घेतलं, लावलं. चिमी जरा दचकली, मग प्यायला लागली.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी सांगते. कामावर आमच्यात ही रीत हाय. एकीला उठायला मिळतं, दुसरीला मिळत नाय. जिला मिळतं ती दोघींची पोरं पाजते. किसन पण असाच वाढला, चार आयांच्या दुधावर. हेमाला हे ठाऊक नव्हतं. तिची आई अंगणवाडीत होती, तिला टोळी ठाऊक नाय.

चिमी पोटभर प्यायली आन् झोपली. मी त्या बाईच्या डोक्यावरनं हात फिरवला आन् निघाले. लय खुशीत होते. म्हणलं, सुनेची हजेरी वाचवली. येताना मात्र गल्ली चुकले. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळ्या दारांवर सारखीच तुळस. फिरत फिरत एकदाची फाटकाशी आले.

फाटकावर हेमा उभी. केस सुटलेले, ओढणी एका हातात. सुनंदाबाई रस्त्याच्या मधोमध, गाड्या थांबवून इकडंतिकडं बघते.

"आत्या! कुठं गेल्या होत्या तुमी? कुठं गेल्या होत्या?"

मी म्हणलं, "हळू, चिमी झोपली."

ती मटकन खाली बसली. मग सुनंदाबाईनं सांगितलं. तिनंच आत निरोप दिला होता की पोरगी रडते. हेमा सांगून बाहेर आली, तर आमी नाय. ती रस्त्यानं धावत सुटली. तेवढ्यात आत तिचं नाव पुकारलं, पाळी आधीच आली. पुकारलं, परत पुकारलं, आन् गैरहजर मांडलं.

 जे वाचवायला मी निघाले, तेच मी घालवलं.

"कोणी पाजलं हिला?" हेमानं विचारलं. मी सांगितलं. तिच्या तोंडावर राग आला, मग भ्या आलं, मग ती चिमीच्या तोंडाकडं बघत बसली. मी म्हणलं, "हेमा, ऊठ. आत चल."

"आता काय उपयोग, आत्या? नाव गेलं."

"ऊठ म्हणते ना."

आमी दोघी वर गेलो. परीक्षेचं दार उघडं होतं. सर कागद चाळत होते. म्हणाले, "तुमचं नाव दोनदा पुकारलं. आता नियमानं काही करता येत नाही."

 मग मीच पुढं झाले. "साहेब, हिची हजेरी कापू नका. माझी कापा."

सर म्हणाले, "आजी, तुमची कुठली हजेरी?"

 खरंच, माझी कुठं होती? ती जी मॅडम होती, तिनं चष्मा काढला. "थांबा सर. आजी, काय झालं ते सांगा."

मी सांगितलं. मशीन, तंबाखूवाला माणूस, रडं, वाळूचा ढीग, सगळं. मॅडम सरांना म्हणाली, "शेवटचा उमेदवार अजून आत यायचाय ना? त्याच्यानंतर घेऊ. आजी, तुम्हीही बसा. पोर झोपलंय, तुम्ही उठू नका."

म्हणून मी ती परीक्षा डोळ्यानं बघितली. हेमानं वही उघडली. पाठ केलेलं बोलायला लागली. शब्द मोठे मोठे, मला कळले नाय. मग मॅडमनं विचारलं, "तुमच्या अहवालात लिहिलंय, कचेरीतल्या सफाई महिलांना बाळाला पाजायला वेळ देण्याचं परिपत्रक आहे, पण त्या तो घेत नाहीत. कारण लिहिलंय, अनास्था. म्हणजे त्यांना पर्वा नाही. बरोबर?"

हेमानं वहीतलं ते पान काढलं आन् त्यावर बोट ठेवलं.  मला वाटलं, विसरली. मी मनात म्हणलं, बोल गं, जे लिहिलंस ते बोल.

ती म्हणाली, "मॅडम, हे पान चूक आहे."

"म्हणजे?"

"मी सासूबाईंना काल सांगितलं होतं, मला सवलत आहे, बोलवा. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, समजलं. त्यांनी आयुष्यभर पाहिलंय, पाजायला उठलं की अर्धी हजेरी. मग माझ्या एका वाक्यानं ते कसं जाईल? कचेरीतल्या बायकांनाही आम्ही परिपत्रक वाचून दाखवलं, त्यांनी मान हलवली. मी त्यांना कधी विचारलंच नाही. अनास्था असं घरी बसून लिहिलं."

सर म्हणाले, "तुम्हीच पान चूक म्हणता, तर आम्ही गुण कशाचे द्यायचे?"

हेमा म्हणाली, "देऊ नका, सर. पण मला ते परत लिहू द्या."

दोघं आपसात बोलले. मग मॅडम म्हणाली, "पुढच्या रविवारपर्यंत. विचारून लिहा." बाहेर आल्यावर हेमा जिन्यातच बसली आन् चिमीला जागं करून पाजलं. तिच्या कुर्त्याला मोठा ओला डाग पडला होता. मी माझा पदर तिच्यावर धरला. तो पांढऱ्या केसांचा तलाठी खाली उतरत होता. आमच्याकडं न बघता भिंतीला घासून गेला, आन् जाता जाता म्हणाला, "मला पण सगळं आलं नाही, ताई."

परत आल्यावर

त्या हप्त्यात हेमा रोज कचेरी सुटल्यावर त्या बायांपाशी बसली. पयल्या दिवशी त्या काय बोलल्या नाय, नुसतं हो ताई, हो ताई. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना माझी गोष्ट सांगितली, वाळूच्या ढिगाची. त्या लय हसल्या. माझ्यावर हसल्या, हसू दे. हसून झाल्यावर लक्ष्मी म्हणून एक हाय, तान्ह्या पोराची आई, ती बोलली. "ताई, उठलं तर कोणी खाडा मांडत नाय. पण ठेकेदार बघून ठेवतो. वर्षाला परत कामावर घेताना त्याला आठवतं." हेमानं ते जसंच्या तसं लिहिलं आन् शनवारी नेऊन दिलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी निकाल आला. मी परसात होते. हेमा मोबाईल घेऊन आली आन् माझ्यापुढं धरला, मला काय वाचता येतंय? मी म्हणलं, "नापास का?" तिनं मान हलवली. आता हिची मान हो म्हणते का नाय म्हणते, मला काय कळेना. मग म्हणाली, "पास, आत्या."

टेबल मिळालं. ठेकेदाराबरोबर तिचं मोठं बोलणं झालं, आन् पाजायला उठलेल्या बाईला वर्षाला परत घेताना गाळायचं नाय, हे त्याच्याकडनं साहेबाच्या समोर कबूल करून घेतलं. कागद झाला. बायांना वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. हेमा घरी येऊन म्हणाली, "अजून कोणी उठत नाही."

मागच्या हप्त्यात मी चिमीला दाखवायला कचेरीत घेऊन गेले होते. हेमा टेबलावर लिहीत होती, मी बाकड्यावर. लक्ष्मी पडवी झाडत होती. पलीकडं तिचं पोर रडलं. तिचा झाडू थांबला. तिनं आत बघितलं, हेमाकडं. हेमाला रडं ऐकू आलं होतं, तिचं पेन थांबलं ते मी बघितलं. पण तिनं मान वर केली नाय. परत लिहायला लागली, नुसतं लिहायचं म्हणून. तिनं वर बघितलं असतं तर लक्ष्मी परत झाडायला लागली असती.

लक्ष्मीनं झाडू भिंतीला उभा केला आन् ती पोराकडं गेली.